छत्रीवाल्या वैदूचा माग

एका हद्दपार माणसाच्या मुलाने लिहून ठेवलेल्या सत्तरेक अक्षरांपासून हा शोध सुरू होतो.

चीनच्या ईशान्य टोकाला, आजच्या हेलोंगज्यांग प्रांतात, निंगुता नावाचे लष्करी ठाणे होते. मांचू बादशहांच्या काळात हे नाव ऐकले की सुशिक्षित घरांत धास्ती पसरे, कारण राजद्रोहाचा ठपका आलेल्यांना तिथे पाठवले जाई. दक्षिणेतल्या शाओशिंगकडच्या यांग बिनचे वडील असेच तिथे खितपत पडले होते. 1689 मध्ये हा मुलगा देशाचा पूर्वभाग उभा ओलांडून त्यांना भेटायला गेला. पुढे त्याने त्या मुलखाच्या नोंदींचे एक पुस्तक लिहिले आणि त्याला वाळुंजाच्या कुंपणाचे नाव दिले. मांचूंनी आपली मायभूमी वेगळी राखण्यासाठी मातीचे बांध घालून त्यांवर वाळुंजाची झाडे लावली होती. त्या कुंपणापलीकडचा निसर्ग, व्यापार, चालीरीती हा या पुस्तकाचा विषय, आणि त्यातच एका सणाच्या रात्रीचे वर्णन येते.

पहिल्या चांद्र महिन्याची पौर्णिमा म्हणजे दिव्यांचा सण. त्या रात्री हौशी मंडळी ‘यांगगे’ची सोंगे काढतात, असे यांग बिन सांगतो. तीन-चार मुलगे बायकांची सोंगे घेतात, आणखी तीन-चार जण ‘त्सानज्युन’ होतात. हातात वीतभर-हातभर लांबीची गोल लाकडे, ती एकमेकांवर आपटत समोरासमोर नाच. पुढे वाट दाखवायला एक सोंग असते, छत्री-दिवा घेतलेला, मलमपट्ट्या विकणारा वैदू. बाजूला घंटा आणि ढोल. नाच संपला की गाणे, गाणे संपले की पुन्हा नाच, आणि उजाडेपर्यंत हेच.

यांगगे हा उत्तर चीनचा सर्वांत पसरलेला लोकनृत्यप्रकार. त्याच्या इतिहासावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण ही नोंद पुढे करतो, पण बहुतेक जण ती नुसती पुढे करून थांबतात. मला ती शब्दाशब्दाने तपासावीशी वाटते, कारण इतक्या जुन्या काळात या नाचाचे असे हाडामांसाचे वर्णन दुसरे नाही.

आधी ‘त्सानज्युन’. हा शब्द गावातला नव्हे. थांग काळातल्या एका विनोदी नाट्यप्रकारात त्सानज्युन, म्हणजे एक कनिष्ठ अधिकारी, हे टवाळीचे पात्र असे. पुढे हा शब्द सोंगाड्यासाठी पुस्तकी नाव म्हणून राहिला. तेव्हा निंगुताच्या नाचणाऱ्यांनी स्वतःला त्सानज्युन म्हणवले असेल असे मी मानत नाही. यांग बिनने पाहिलेल्या पात्राला आपल्या वाचनातले नाव दिले. आपण जे वाचतो ते त्या रात्रीचे चित्र आहेच, शिवाय एका पंडिताने त्या चित्राला घातलेली चौकटही आहे.

मग लाकडे. मूळ शब्द ‘छि’, आणि त्या काळचा छि सुमारे 32 सेंटीमीटरचा. प्रत्येकाच्या हातात अशी दोन लाकडे, म्हणजे आपल्या टिपऱ्यांएवढीच. माणसे किती? तीन-चार अधिक तीन-चार, अधिक एक, म्हणजे सात ते नऊ, वाजवणारे वेगळे. आज टीव्हीवर यांगगे म्हणून शेकडो माणसांची रंगीत लाट दाखवतात. निंगुताची मंडळी एका अंगणात मावणारी होती. आणि ‘उजाडेपर्यंत’ हा शब्द वाचताना तिथली थंडी विसरू नये. त्या भागात पहिल्या चांद्र महिन्यात रात्रीचे तापमान शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर सहज उतरते.

राहिला वैदू. त्याच्या हातातल्या वस्तूचे दोन अर्थ लागतात, छत्री आणि दिवा, किंवा छत्रीच्या आकाराचा दिवा. कोणताही घेतला तरी मुख्य गोष्ट ढळत नाही. नाचाच्या अग्रभागी देव, राजा किंवा नायक नाही, जत्रेत ओरडून मलम विकणारा माणूस आहे. या माणसाचा माग काढावा असे मला वाटले, आणि कागदपत्रांनी मला निराश केले नाही.

मागे जायचे तर परंपरा आपल्याला 13 व्या शतकात नेते. दक्षिण सोंग घराणे 1279 मध्ये संपल्यावर झौ मी या लेखकाने राजधानी हांगझौच्या गेलेल्या वैभवाच्या आठवणी लिहिल्या. दिव्यांच्या सणात रस्त्यावर येणाऱ्या नाचमंडळांची त्याने एक यादी दिली आहे. सुमारे 70 नावे देऊन तो म्हणतो की सगळी मोजता येणार नाहीत. त्यात एक नाव आहे ‘गावशिवाराचे संगीत’. बस, नावच. कोण नाचत, हातात काय असे, एक शब्दही नाही. त्यानंतर पाच शतकांनी हांगझौचाच कवी वू शीछी (1746–1818) नववर्षाच्या चालीरीतींवर लिहिताना ठामपणे म्हणतो की यांगगे म्हणजेच सोंग काळचे ते गावशिवाराचे संगीत. पुढे तो सोंगे मोजतो. त्यांत खेळकर भिक्षू, तरुण श्रीमंत, फुलढोलवाले, शेतकरी, कोळीण आणि फेरीवाला येतात.

बहुतेक इतिहासांत हे समीकरण सिद्ध झाल्यासारखे वापरले जाते. मला ते जपून वापरावेसे वाटते, आणि त्याला कारण यादीतच आहे. खेळकर भिक्षू आणि फेरीवाला ही दोन नावे झौ मीच्या यादीतही आहेत, पण तिथे ती गावशिवाराच्या संगीताचा भाग नाहीत, स्वतंत्र मंडळे आहेत. म्हणजे वू शीछीच्या डोळ्यांसमोर त्याच्या काळचा यांगगे होता आणि हाताशी झौ मीचे पुस्तक होते. त्याने दोन्हींची सांगड घातली. ती सांगड बुद्धिमान आहे, पण ती 18 व्या शतकातल्या वाचकाची आहे, 13 व्या शतकातल्या साक्षीदाराची नाही. एवढे मात्र नक्की की दिव्यांच्या सणात गावकऱ्यांची, भिक्षूची, फेरीवाल्याची सोंगे रस्त्यावर आणण्याची रीत तेव्हाही होती. आमचा वैदू त्या गर्दीत नावाने सापडत नाही, त्याचा भाऊबंद असलेला फेरीवाला सापडतो.

‘यांगगे’ या शब्दाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. ‘यांग’ म्हणजे भाताचे रोप, ‘गे’ म्हणजे गाणे. लावणीच्या चिखलात उभे राहून म्हटलेले गाणे, असा सरळ अर्थ निघतो, आणि भात क्वचितच पिकणाऱ्या कोरड्या उत्तरेत हा शब्द कसा रुजला हा प्रश्न उरतो. हेबेई प्रांतातल्या दिंगशियानच्या लोकांकडे याचे उत्तर आहे. थोर कवी सू दोंगपो 1093–94 मध्ये तिथे अधिकारी होता, त्याने लावणी करणाऱ्यांसाठी गाणी रचून दिली, असे ते सांगतात. मोठ्या माणसाला आपल्या गावच्या कलेचा जनक करणे ही गावांची जुनी माया आहे, पुरावा नव्हे. पण याच दिंगशियानमध्ये 20 व्या शतकात एक खरे मोलाचे काम झाले. यान यांगछू यांच्या लोकशिक्षण चळवळीने तिथे बस्तान बसवले होते. त्या चळवळीतल्या ली जिंगहान आणि झांग शिवेन यांनी गावातल्या गायकांच्या तोंडून यांगगे नाटिका उतरवून घेतल्या आणि 1933 मध्ये 48 नाटिकांचा संग्रह छापला. सासुरवास, रुसवेफुगवे, चोरटे प्रेम, हे सगळे जसेच्या तसे शब्दांत आले. पाय मात्र आले नाहीत. संग्रहकारांना समाज समजून घ्यायचा होता, म्हणून त्यांनी संवाद जपले. नाच लिहून ठेवण्याची वेळ अजून यायची होती.

आता वैदूकडे. शानदोंग प्रांतातल्या ज्याओझौमध्ये यांगगेचा एक वेगळा घाट आहे, कंबर, मान आणि गुडघ्यांत वळत जाणारा. तिथले सोंग कसे असते ते पाहा. सर्वांत पुढे ‘गाओयाओ-क’, म्हणजे मलमपट्ट्या विकणारा. त्याच्या मागे पाच प्रकारची पात्रे, प्रत्येकाची जोडी. ढोलवाला, दांडकेवाला, प्रौढ बाई, पंखा घेतलेली तरुणी आणि अल्लड पोर. म्हणजे मूळ नाचणारे दहा, आणि पुढे वैदू. दांडकेवाल्यांच्या हातात लाकडाचे छोटे दांडके. बायकांची पात्रे पूर्वी पुरुषच करत. यांग बिनच्या सत्तर अक्षरांतली प्रत्येक गोष्ट इथे आहे. वैदू, लाकडे, बाईचे सोंग, समोरासमोरची जोडी, अंगणात मावणारी मंडळी.

आणि ज्याओझौचा लेखी पुरावा दुसऱ्याच हाताचा आहे. ज्याओझौचा साहित्यिक सोंग ग्वानवेई याने 1863 मध्ये यांगगेवर पद्ये लिहिली, त्यांत पात्रे, पोशाख, वाद्ये यांचे वर्णन येते. त्यामुळे 19 व्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्याओझौचा घाट पक्का झाला होता हे नि:संशय. पण निंगुता आणि ज्याओझौ यांच्यामध्ये समुद्र आहे आणि पावणेदोनशे वर्षे आहेत. त्यांना जोडणारे काय? गावची तोंडी परंपरा इथे मदतीला येते. ज्याओझौच्या पूर्व श्याओतुन गावातली मा आणि झाओ घराण्यांतली माणसे दुष्काळात पोटासाठी ईशान्येकडे गेली, वाटेत गाऊन-नाचून भीक मागत राहिली आणि परतल्यावर तोच खेळ गावात रुजवला, असे तिथे सांगतात. शानदोंगचे भुकेले लोक पिढ्यान्‌पिढ्या ईशान्येकडे जात आले, ही इतिहासातली ठळक घटना आहे. पण ही कथा त्या घटनेत बसते म्हणून मी ती खरी मानत नाही. ती तोंडी आहे, आणि माणसे नाच घेऊन उलट दिशेनेही, शानदोंगहून निंगुताकडेही, गेली असतील. एवढेच म्हणता येते की दोन टोकांना एकच वैदू उभा आहे आणि मधला रस्ता चालते पाय असलेल्यांचा होता.

पश्चिमेला, पिवळ्या मातीच्या पठारावर, उत्तर शेन्शीत, हाच माणूस दुसऱ्या रूपात भेटतो. येनानच्या 1802 च्या जिल्हावृत्तांतात वसंतातल्या गावदेवाच्या उत्सवाला लोक यांगगे म्हणतात अशी नोंद आहे. इथल्या नाचाच्या पुढाऱ्याला ‘सानतौ’ म्हणतात, शब्दशः छत्रीप्रमुख. एका हातात रंगीत छत्री, ती पावसापाण्याची खूण. दुसऱ्या हातात ‘हूछेंग’, आत गोळ्या असलेले पितळी कडे, हलवले की खुळखुळणारे. आणि हे कडे कुणाचे? गावोगाव फिरणाऱ्या वैदूचे. थांग काळातला महान वैद्य सुन स्सम्याओ याने वाघाच्या घशातले हाड काढताना वाघाचे तोंड मिटू नये म्हणून त्यात कडे अडकवले, अशी कथा आहे. म्हणून नावाचा अर्थ ‘वाघाचा टेकू’. पुढे ते फिरत्या औषधवाल्यांचे चिन्ह झाले. शेन्शीत मलमपट्ट्या गेल्या, पण वैदूची छत्री राहिली आणि त्याचा खुळखुळाही राहिला.

हा सानतौ नुसता पुढे चालणारा नव्हे. तो आधी मंडळ देवळात नेतो, मग दारोदार. प्रत्येक घरापुढे त्या घराला साजेसे चरण तो जागच्या जागी रचून गातो, बाकीचे शेवटची ओळ उचलतात. पौर्णिमेच्या सुमाराला 19 ओळींत 19 असे 361 दिवे मांडून वाकडातिकडा रस्ता करतात. पिवळ्या नदीच्या नऊ वळणांचे त्याला नाव आहे. त्या चक्रव्यूहातून सगळ्या गावाला सुखरूप बाहेर काढायचे तेही छत्री धरणाऱ्यानेच. पुरुष ‘बाओतौ’ होऊन बायकांची सोंगे घेत, सोंगाडे तोंड रंगवून त्यांच्याभोवती घुटमळत, चावट गाणी होत. गाव खळखळून हसे.

मग 1942 उजाडले. जपानशी युद्ध चालू, येनानला प्रतिस्पर्धी कुओमिंतांग पक्षाची नाकेबंदी, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या राजधानीत मे महिन्यात माओने कलावंतांपुढे दोन भाषणे केली. कला शेतकरी, कामगार, सैनिकांसाठी. लू शुन कला अकादमीतली शहरी मंडळी गावाकडे वळली आणि त्यांना पहिल्यांदा दिसला तो यांगगे. 1943 च्या वसंतोत्सवात अकादमीचे मंडळ रस्त्यावर आले, आणि ‘लू-यीवाले (म्हणजे अकादमीवाले) आले’ म्हणून लोक धावू लागले. वांग दाहुआ आणि ली बो या दोघांनी केलेली ‘भाऊ-बहीण पडीक जमीन फोडतात’ ही छोटी नाटिका त्याच मोसमातली, संगीत आन बो यांचे. भाऊ आळशी असल्याचे नाटक करतो, शिदोरी घेऊन आलेली बहीण रागावते, शेवटी उलगडा होतो. अशा नाचात जोडी म्हणजे प्रेमी किंवा नवरा-बायको हा शिरस्ता होता. इथे नाते बहीण-भावाचे आहे, आणि ते योगायोगाने आलेले नाही. लाडीगोडीचे चाळे उरू नयेत म्हणून ते तसे ठरवले गेले.

आपल्या वाचकाला येनान म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतील. ते फेब्रुवारी 1939 मध्ये तिथे पोहोचले आणि त्याच वर्षी पुढे आघाडीकडे गेले. 9 डिसेंबर 1942 ला हेबेईतल्या एका खेड्यात त्यांचे निधन झाले. नवा यांगगे रस्त्यावर आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. त्यांच्या वेळच्या येनानच्या गावांत अजून छत्रीवालाच पुढे चालत होता.

छत्रीचे पुढे काय झाले याचा कागद अगदी स्पष्ट आहे. अकादमीचे प्रमुख समीक्षक झौ यांग यांनी 21 मार्च 1944 च्या ‘जिएफांग रिबाओ’ या पक्षाच्या दैनिकात त्या वर्षीच्या यांगगेवर दीर्घ लेख लिहिला. त्यात 56 नाटिकांचा हिशेब आहे. उत्पादन आणि श्रम 26, सैन्य आणि जनता 17, स्वसंरक्षण आणि हेरांपासून सावधगिरी 10, शत्रूच्या पिछाडीवरचा लढा 2, खंड आणि व्याजात कपात 1. प्रेमाला कप्पाच नाही. सोंगाड्याचे रंगवलेले तोंड काढले, चावट हालचाली काढल्या, साऱ्या मंडळाला कामकरी-शेतकरी-सैनिक केले, पंचकोनी ताऱ्याची रचना आणली, आणि छत्रीच्या जागी विळा व कुऱ्हाड दिली, हे ते यश म्हणून नोंदवतात. पण झौ यांग यांच्यावर अन्याय होऊ नये. जुन्या यांगगेतले प्रेम आणि त्यातला चावटपणा हाही सरंजामी नीतीविरुद्धचा एक निषेध होता, हे त्याच लेखात त्यांनी ओळखले आहे. त्यांना कळले होते की काय काढले जात आहे. मला हा लेख दोन कारणांनी मोलाचा वाटतो. नाच बदलणाऱ्यानेच बदलाची यादी लिहून ठेवली. आणि त्या यादीमुळेच, उलट दिशेने वाचले तर, 1943 पूर्वी त्या पठारावर काय नाचले जाई याचा नेमका दाखला आपल्याला मिळतो.

पुढचे वेगाने घडले. कम्युनिस्ट सैन्य शहरांत शिरले तसा यांगगे शिरला. 1949 मध्ये बीजिंगच्या रस्त्यांवर विद्यार्थी आणि कामगार तीन पावले पुढे, एक मागे अशी चाल शिकले, पण काही वर्षांतच हा उत्साह ओसरला. इतिहासकार हुंग चांग-ताय यांनी त्याची कारणे शोधली आहेत, शहराला ही चाल एकसुरी वाटू लागली हे त्यांतले एक. रंगमंचावर मात्र यांगगे नव्या रूपात फुलला. ईशान्येच्या यांगगेतून घडवलेल्या लाल रेशमी पट्ट्यांच्या नृत्याला 1951 च्या बर्लिनच्या युवक महोत्सवात बक्षीस मिळाले. 1954 मध्ये बीजिंगची नृत्यशाळा सुरू झाली, आणि तिथल्या शिक्षकांनी खेड्यांतल्या जुन्या नाचणाऱ्यांकडून पावले शिकून त्यांचे वर्ग बांधले. ज्याओझौची ती तिहेरी वळणाची चाल आज चीनभरच्या विद्यार्थिनींच्या अंगात आहे ती यामुळे. वर्गात प्रामुख्याने पोर, तरुणी आणि प्रौढ बाई यांच्या हालचाली शिकवतात. वैदूच्या अंगात शिकवण्यासारखी तंत्रशुद्ध चाल नाही. त्याचे सगळे बळ तोंडात आणि हजरजबाबीपणात.

म्हणूनच 1981 मध्ये सुरू झालेले काम मला सर्वांत मोठे वाटते. संस्कृती मंत्रालय, वांशिक समूहांचा राष्ट्रीय आयोग आणि नर्तकसंघ यांनी मिळून चीनच्या लोकनृत्यांचा प्रांतवार संग्रह करायचे ठरवले. आधुनिक नृत्याचे प्रवर्तक वू श्याओबांग मुख्य संपादक झाले. लोककलांच्या अशा दहा संग्रहमालांचे मिळून 298 खंड 2009 पर्यंत पूर्ण झाले. नृत्याच्या खंडांत प्रत्येक नाचाचा इतिहास, पात्रे, पोशाखांची चित्रे, हातातल्या वस्तूंची मापे, ढोलाचे बोल, स्वरलेखन, एकेका पावलाचे वर्णन आणि जमिनीवरच्या वाटांचे नकाशे आहेत. कोण कुठून निघाला, तोंड कुणीकडे, कुठे वळला, हे बाणांनी दाखवलेले असते. दिंगशियानच्या संग्रहकारांकडून सुटलेले पाय इथे कागदावर आले. सांस्कृतिक क्रांतीत हे खेळ बंद पडले होते, आणि शिकलेले म्हातारे संपत चालले होते. या लोकांनी गावोगाव जाऊन त्यांना नाचायला लावले आणि उतरवून घेतले. या खंडांकडे कोरडे सरकारी काम म्हणून पाहणाऱ्यांनी एखादा नकाशा बोटाने गिरवून पाहावा.

मे 2006 मध्ये चीनने अमूर्त वारशाची पहिली राष्ट्रीय यादी जाहीर केली, 518 नोंदींची. त्यात ‘यांगगे’ या एकाच नोंदीखाली सहा प्रकार आहेत. छांगली, गूझी, ज्याओझौ, हायांग, उत्तर शेन्शी आणि फूशुन. ज्याओझौचा मलमविक्या आणि शेन्शीचा छत्रीप्रमुख असे एका क्रमांकाखाली आले. शेन्शीत विळा-कुऱ्हाड आता नाही, छत्री परत आली आहे, खुळखुळा वाजतो आहे.

निंगुताचा नाच त्या यादीत नाही. तो पुन्हा उभा करायचा तर काय लागेल याचा हिशेब यांग बिनने देऊन ठेवला आहे. बायकांच्या वेशात तीन-चार मुलगे, समोर तितकेच सोंगाडे, प्रत्येकाला 32 सेंटीमीटरची दोन लाकडे, एक ढोल, एक घंटा आणि पुढे छत्रीवाला. जोडीने समोरासमोर कसे वळायचे हे ज्याओझौचे दांडकेवाले दाखवतील, पुढे चालणाऱ्याने गर्दीशी कसे बोलायचे हे शेन्शीचा सानतौ दाखवेल. नाच संपल्यावर गाणे, असे यांग बिन लिहितो. त्या गाण्यासाठी त्याने एकही अक्षर खर्च केलेले नाही.